वेल, कॉल आणि टॉप शेल्फ : मद्याची प्रतवारी नेमकी कोण ठरवते?

मापकरी

मी गेली बरीच वर्षे बारच्या काउंटरमागे उभा राहून मद्य ओतण्याचे काम करतो आहे. ग्राहक आणि ओतणारा यांच्यात एका बाबतीत सतत गैरसमज होताना मी पाहतो, म्हणून हा धागा काढतो आहे. ग्राहक येतो आणि ‘एक जिन-टॉनिक द्या’ एवढेच सांगतो. त्याने कोणत्याही जिनचे नाव घेतलेले नसते, त्यामुळे बारच्या रिवाजाप्रमाणे त्याला ‘वेल’मधली जिन दिली जाते. काउंटरच्या आतल्या बाजूला, ओतणाऱ्याच्या गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर, पत्र्याचा एक लांबट कप्पा असतो. त्याला स्पीड रेल म्हणतात. न वाकता, न पाहता हात घातला तरी हवी ती बाटली हाती लागावी अशा ठरलेल्या क्रमाने व्होडका, जिन, रम, टकीला आणि व्हिस्की यांची एकेक बाटली तिथे उभी असते. हीच वेलची दारू. काही ठिकाणी तिला रेलची किंवा हाऊसची दारूही म्हणतात.

ग्राहकाने नाव घेऊन मागितली की ती ‘कॉल’ झाली, कारण त्याने बाटलीला नावाने पुकारले. त्याच्या वर प्रीमियम, आणि सर्वांत वर, पाठीमागच्या भिंतीवरील उंच फळीवर, दिव्याच्या उजेडात मांडलेली टॉप शेल्फ. शिडी किंवा स्टूल घेऊन काढाव्या लागणाऱ्या या बाटल्या दिवसातून दोन-तीनदाच खाली उतरतात.

या चार नावांपैकी एकालाही मद्यविषयक कायद्यात व्याख्या नाही. ही उतरंड प्रत्येक बारने स्वतःच्या खरेदीच्या भावानुसार आणि विक्रीच्या अंदाजानुसार लावलेली असते. त्यामुळे एका बारमध्ये कॉलमध्ये मोडणारी बाटली दुसऱ्या, अधिक काळजीने चालवलेल्या बारमध्ये वेलमध्ये उभी असू शकते, आणि मला स्वतःला बारची पारख करायची असली तर मी वरच्या फळीकडे पाहतच नाही, मी वेलमध्ये काय ठेवले आहे ते विचारतो. वरची फळी कोणीही पैसे खर्चून सजवू शकतो. ज्याचे नाव कोणी घेणार नाही त्या बाटलीसाठी मालकाने काय निवडले, यातून त्याची नियत कळते.

पहिल्यांदा बारमध्ये जाणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की ‘तुमच्याकडे हाऊसची जिन कोणती आहे?’ हे विचारण्यात कमीपणा काहीच नाही. चांगला ओतणारा या प्रश्नाने सुखावतो.

शांतकिनारा

मापकरी, वेळेवर धागा काढलात. पुढच्या महिन्यात माझ्याकडे साठेक माणसांचा एक मेळावा आहे आणि पेयांची व्यवस्था माझ्याकडे आली आहे. मला स्वतःला मद्यातले फारसे कळत नाही. एका जाणकार मित्राने सांगितले की सगळे प्रीमियमच आण, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणाचे डोके दुखणार नाही. दुसरा म्हणतो की सोड्यात आणि ज्यूसमध्ये घालायची असेल तर सर्वांत स्वस्त आणली तरी फरक पडत नाही. या दोघांपैकी खरे कोणाचे मानावे? आणि बाटलीवर असे काय लिहिलेले असते की जे वाचून माझ्यासारख्या माणसाला दर्जाचा अंदाज यावा?

रसायनी

माझे शिक्षण किण्वनशास्त्रातले आहे आणि नोकरी ऊर्ध्वपातनाशी संबंधित आहे. शांतकिनारा यांच्या शेवटच्या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देतो, कारण लेबलावर उपयोगी माहिती आणि निव्वळ सजावट या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी छापलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करता आल्या पाहिजेत.

प्रथम सजावट. ‘प्रीमियम’, ‘स्पेशल’, ‘रिझर्व्ह’, ‘स्मॉल बॅच’ या शब्दांना व्हिस्कीच्या बाबतीत अमेरिकेच्या नियमांत ठरलेला अर्थ नाही. ‘पाच वेळा ऊर्ध्वपातित’ हेही तसेच. उंच स्तंभाच्या भट्टीत वाफ चढताना प्रत्येक ताटलीवर पुन्हा पुन्हा द्रवरूप होऊन पुन्हा उकळत असते, म्हणजे एकाच फेरीत अनेक ऊर्ध्वपातने होतात, त्यामुळे पाच किंवा सात हा आकडा उत्पादकाने काय मोजायचे ठरवले आहे त्यावर अवलंबून राहतो.

आता उपयोगी माहिती. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांनुसार मद्य स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठे नसलेल्या ओकच्या पिंपात, किमान ३ वर्षे मुरलेले असावे लागते आणि बाटलीतील मद्यार्क ४० टक्क्यांहून कमी चालत नाही. लेबलावर १२ वर्षे लिहिले असेल तर मिश्रणातील सर्वांत तरुण व्हिस्की १२ वर्षांची असते, सरासरी वय नव्हे. कोन्याक या फ्रेंच ब्रँडीवरील व्हीएस म्हणजे सर्वांत तरुण घटक किमान २ वर्षांचा, व्हीएसओपी म्हणजे ४ वर्षांचा, आणि एक्सओ म्हणजे २०१८ पासून १० वर्षांचा. त्याआधी एक्सओला ६ वर्षे पुरत असत.

बर्बन या अमेरिकी व्हिस्कीला किमान ५१ टक्के मका आणि आतून जाळलेले नवे ओकचे पिंप लागते. ‘स्ट्रेट’ लिहिले असेल तर किमान २ वर्षे. ‘बॉटल्ड इन बाँड’ ही अक्षरे मात्र मला सर्वांत प्रामाणिक वाटतात. हा १८९७ चा अमेरिकी कायदा आहे, आणि तो भेसळीला आळा घालण्यासाठीच झाला होता. त्यानुसार मद्य एकाच भट्टीतले, एकाच हंगामातले, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान ४ वर्षे मुरलेले आणि नेमक्या ५० टक्के मद्यार्काचे असावे लागते. अशा कित्येक बाटल्या भावाने मधल्या फळीवरच असतात, आणि वरच्या फळीवरील वय न छापलेल्या अनेक बाटल्यांपेक्षा त्यांच्याबद्दल आपल्याला अधिक खात्रीने बोलता येते.

टकीलाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवावी. ती अगावे या वनस्पतीपासून करतात, म्हणून लेबलावर ‘१०० टक्के अगावे’ असे लिहिले आहे की नाही ते पाहावे. नुसते ‘टकीला’ लिहिले असेल तर त्यातील ४९ टक्क्यांपर्यंत साखर उसासारख्या दुसऱ्या स्रोतातून आलेली असू शकते. सोनेरी रंग पाहून ती पिंपात मुरली आहे असे मानू नये, कारण तो रंग कॅरमलनेही येतो. ‘रेपोसादो’ किमान २ महिने आणि ‘अनेहो’ किमान १ वर्ष पिंपात असते. सगळ्या मद्यप्रकारांत वेल आणि त्याच्या वरची पायरी यांतला फरक मला टकीलामध्ये सर्वांत ठळक जाणवतो, आणि व्होडकामध्ये सर्वांत पुसट.

व्होडका पुसट का, तेही सांगतो. अमेरिकेत तिचे ऊर्ध्वपातन ९५ टक्के किंवा त्याहून अधिक तीव्रतेला करावे लागते. इतक्या तीव्रतेला धान्य असो, बटाटा असो की मळी, कच्च्या मालाचा बहुतेक गंध मागे राहतो. तिथल्या नियमात २०२० पर्यंत व्होडकेची व्याख्याच ‘खास गुण, वास, चव आणि रंग नसलेली’ अशी होती. चांगली आणि वाईट व्होडका यांत फरक असतो, वाईट व्होडका घशाला ओरखडते आणि तिला औषधासारखा वास येतो. मात्र चांगली आणि अतिमहाग यांतला फरक मुख्यतः बाटलीच्या काचेचा असतो, असे माझे मत आहे.

रानपाखरू

रसायनी, अतिशय उपयुक्त प्रतिसाद. मी ग्राहकाच्या बाजूने एक गोष्ट मांडते. मी आवर्जून नाव घेऊन मागवणाऱ्यांपैकी आहे. काही महिन्यांपूर्वी एका ठिकाणी मी एका विशिष्ट सिंगल माल्टची, म्हणजे एकाच भट्टीतल्या माल्ट व्हिस्कीची, मागणी केली. पेला आला, पण बाटली दिसली नाही. पहिल्याच घोटाला शंका आली, कारण त्या व्हिस्कीला असणारा धुराचा वास अजिबात नव्हता. मी बाटली दाखवायला सांगितल्यावर वाढणारा मुलगा गोंधळला, आत गेला, आणि बऱ्याच वेळाने येऊन म्हणाला की ती संपली होती, म्हणून त्याच दर्जाची दुसरी दिली. बिलात मात्र मी मागितलेलेच नाव होते. मला पैशांपेक्षा या गोष्टीचे वाईट वाटले की त्याला यात काही चुकले असे वाटत नव्हते. ‘त्याच दर्जाची’ या शब्दांनी त्याच्या मनाचे पूर्ण समाधान झालेले होते.

मापकरी

रानपाखरू, आपल्या बाबतीत जे घडले ते चूकच आहे, आणि काउंटरमागचा माणूस म्हणून मला त्याची लाज वाटते. कॉलचा अर्थच असा की ग्राहकाने नाव घेतले आणि आपण ते मान्य केले. बाटली संपली असेल तर ओतण्यापूर्वी सांगायचे, पर्याय आणि त्याचा भाव सांगायचा, आणि ग्राहकाच्या होकारानंतरच झाकण उघडायचे. ‘त्याच दर्जाची’ हा निर्णय ग्राहकाने घ्यायचा असतो.

याहून गंभीर प्रकार म्हणजे महागड्या बाटलीत स्वस्त मद्य भरून ठेवणे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मे २०१३ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी एकाच दिवशी २९ बार आणि उपाहारगृहांवर छापे घातले होते, आणि आरोप नेमका हाच होता. आमच्या धंद्यात म्हणून एक साधा नियम पाळला जातो, किंवा पाळला जावा: रिकामी बाटली पुन्हा भरायची नाही, आणि मोकळी झाली की लेबल खरवडायचे किंवा बाटली फोडायची. वरच्या फळीवरील मद्य मागवले तर बाटली टेबलाशी आणून तिथेच ओतण्याची विनंती ग्राहकाने निःसंकोच करावी.

हिशेबनीस

मी बारचे हिशेब पाहतो. प्रतवारीचा आणि भावाचा संबंध आकड्यांत मांडला तर अधिक स्पष्ट होईल. ७५० मिलीच्या बाटलीतून ३० मिलीची २५ मापे निघतात. सांडलवंड धरून आम्ही २४ मोजतो. समजा वेलच्या एका मापाची खरेदी १ रुपया आहे आणि विक्री ५ रुपयांना होते. प्रीमियमच्या मापाची खरेदी ३ रुपये आहे. तीही पाचपट म्हणजे १५ ला विकायला गेलो तर ग्राहक मागे सरतो, म्हणून ती ९ ला ठेवली जाते. बारला वेलवर ४ रुपये सुटतात आणि प्रीमियमवर ६. दोघांचाही फायदा होतो, कारण वेल घेणाऱ्याच्या ५ रुपयांपैकी पेल्यातल्या मद्याचे मोल १ रुपया, म्हणजे पाचवा हिस्सा असते, तर प्रीमियम घेणाऱ्याच्या ९ पैकी ३, म्हणजे तिसरा हिस्सा. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत, पण रचना बहुतेक ठिकाणी अशीच असते.

सर्वांत वरच्या फळीवर हे गणित पुन्हा उलटते. ती बाटली महिनोन्महिने अडकून पडते, त्या अडकलेल्या पैशांचा भार भावात येतो, आणि दुर्मीळतेची किंमतही त्यात मिसळते. म्हणून पैशांचा पुरेपूर मोबदला हवा असेल तर मधली पायरी निवडावी.

रसायनी

हिशेबनीस यांच्या मुद्द्याला एक जोड देतो. स्कॉटलंडच्या हवामानात पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के मद्य उडून जाते. १८ वर्षांत भरलेल्या मालापैकी साधारण ३० टक्के उरतच नाही. म्हणजे जुन्या व्हिस्कीच्या भावात थांबण्याचा आणि नाहीशा झालेल्या मद्याचा खर्च आधीच धरलेला असतो. ती तेवढ्या पटीने रुचकर असते, असा त्याचा अर्थ होत नाही. काही मद्ये १० व्या वर्षी उत्तम असतात आणि पुढे लाकडाच्या चवीखाली दबतात. बाटलीत भरल्यावर मात्र मुरणे थांबते. १२ वर्षांची व्हिस्की कपाटात आणखी दहा वर्षे ठेवली तरी ती १२ वर्षांचीच राहते.

शांतकिनारा यांच्या डोकेदुखीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बर्बन आणि व्होडका यांची तुलना केली गेली. बर्बनमध्ये किण्वनातून आणि पिंपातून येणारी उपद्रव्ये व्होडकाच्या कितीतरी पट असतात, आणि बर्बन घेतलेल्यांनी सकाळचा त्रास अधिक असल्याचे सांगितले. मात्र झोपेवर आणि दुसऱ्या दिवशीच्या कामगिरीवर दोन्हींचा परिणाम सारखाच आढळला. मुख्य कारण मद्यार्काचे प्रमाण हेच आहे. उत्तम जुनी व्हिस्की ही उपद्रव्यांच्या दृष्टीने साध्या व्होडकेपेक्षा भारीच असते, त्यामुळे ‘महाग घ्या म्हणजे डोके दुखणार नाही’ हा सल्ला पाहुण्यांना अधिक पिण्यास प्रवृत्त करणारा आणि म्हणून घातक आहे. ज्या मद्याचा उगमच ठाऊक नाही, ज्याच्या बाटलीचे सील संशयास्पद आहे, ते मात्र कोणत्याच प्रतीत मोजू नये. त्यात मिथेनॉल असण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो.

उत्तररात्र

सर्वांचे म्हणणे वाचले. तरीही मला असहमती नोंदवायची आहे. महागडी जिन टॉनिकमध्येसुद्धा वेगळी लागते, हा माझा कित्येक वर्षांचा अनुभव आहे. आपण सारे मिळून वेलचे समर्थन करत आहात असे वाटते. चांगल्या मद्यामागे कारागिराची मेहनत असते आणि ती पेल्यात उतरतेच.

मापकरी

उत्तररात्र, मेहनत पेल्यात उतरते हे मला मान्य आहे. पण ती कोणत्या पेल्यात उतरते हे पाहायला हवे. जिनबाबत आपले म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. जिनची चव जुनिपर आणि इतर वनस्पतींमधून येते, त्यामुळे दोन जिन टॉनिकमध्येही वेगळ्या ओळखू येऊ शकतात. तरी वेगळी लागणे आणि महाग म्हणून चांगली लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही नाजूक, फुलांच्या वासाच्या महाग जिन टॉनिकच्या कडवटपणाखाली पार हरवतात, आणि जुनिपरचा ठसठशीत वास असलेली साधी ‘लंडन ड्राय’ प्रकारची जिन तिथे शोभून दिसते.

थंडी वास दडपते, साखर आणि आंबटपणा जिभेला गुंतवून ठेवतात, आणि बर्फ वितळून पाणी मिसळत जाते. ज्या पेयात या तिन्ही गोष्टी भरपूर आहेत, उदाहरणार्थ कोला घातलेली रम किंवा फळांच्या रसातली व्होडका, तिथे स्वच्छ, निर्दोष वेल पुरते. ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलमध्ये व्हिस्की, थोडी साखर आणि बिटर्सचे, म्हणजे वनस्पतींच्या कडू अर्काचे, काही थेंब, एवढेच असते, त्यामुळे व्हिस्कीला लपायला जागा नसते. जिन आणि व्हर्मूथच्या मार्टिनीचेही तसेच. मार्गारिटा या टकीलाच्या कॉकटेलमध्ये लिंबू असूनही टकीला पुढे येते, म्हणून तिथे १०० टक्के अगावेची, पण न मुरवलेली ‘ब्लांको’ वापरावी. अनेहो तिथे वाया जाते. आणि ‘नीट’, म्हणजे बर्फ-पाण्याविना घेणार असाल, तर मात्र वरच्या फळीकडे जरूर जावे.

एका संध्याकाळी एका गृहस्थांनी माझ्याकडून १८ वर्षांची व्हिस्की मागवली आणि तीत कोला घालायला सांगितले. मी त्यांची परवानगी घेऊन दोन लहान पेले भरले. एकात तीच व्हिस्की तशीच, दुसऱ्यात हाऊसची व्हिस्की कोला घालून. त्यांनी आधी पहिल्याचा वास घेतला, एक घोट घेतला, मग थोडे पाणी मागून घेतले. दोनच थेंब टाकल्यावर सुक्या मेव्याचा वास असा काही उमलला की ते बराच वेळ काही न बोलता पेला नाकाशीच धरून बसले. नंतर त्यांनी १८ वर्षांची तशीच प्यायली आणि कोल्यासाठी हाऊसची मागवली. ग्राहकाने कोलाच हवा म्हटले असते तर मी तोही घालून दिला असता, तो त्यांचा अधिकार आहे. पण माहीत नसल्यामुळे कोणी चांगली गोष्ट गमावू नये एवढे पाहणे माझे काम आहे असे मी समजतो.

रसायनी

उत्तररात्र यांनी घरी त्रिकोणी चाचणी करून पाहावी. तीन सारखे पेले घ्यावेत, दोनांत एक जिन आणि एकात दुसरी, तिन्हींत टॉनिकचे प्रमाण आणि तापमान सारखे ठेवावे, आणि कोणता पेला वेगळा आहे ते दुसऱ्याने भरलेल्या पेल्यांतून ओळखावे. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येणारच, म्हणून ती अनेक वेळा करावी. आम्ही कामावर हीच पद्धत वापरतो.

शांतकिनारा

रसायनी यांची चाचणी मी काल रात्री घरीच पाच जणांना बोलावून केली. भरण्याचे काम माझ्या बहिणीने केले आणि ती खोलीबाहेर थांबली, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरून कोणाला काही कळू नये. संत्र्याच्या रसातील व्होडका पाचांपैकी दोघांनी बरोबर ओळखली, आणि त्या दोघांनीही केवळ अंदाज केल्याचे सांगितले. टकीला नुसती दिली तेव्हा पाचही जणांनी क्षणात वेगळा पेला बाजूला काढला. त्यातल्या एकाला टकीला आवडतच नाही असे तो वर्षानुवर्षे सांगत आला होता. १०० टक्के अगावेचा पेला त्याने शांतपणे संपवला आणि आपण आजवर कोणती पीत होतो हे पाहण्यासाठी दुसरी बाटली हातात घेऊन लेबल वाचत बसला.

त्यावरून मी यादी बदलली आहे. व्होडका आणि रम साधी पण नामांकित उत्पादकाची, जिन लंडन ड्राय, टकीला १०० टक्के अगावेची ब्लांको, आणि नीट पिणाऱ्या मोजक्या मंडळींसाठी १२ वर्षांच्या सिंगल माल्टच्या दोन बाटल्या. सर्व बाटल्या टेबलावर लेबल पुढे करून ठेवणार आहे आणि माप ३० मिलीच्या ‘जिगर’नेच, म्हणजे मद्य मोजायच्या छोट्या पेल्यानेच, देणार आहे. एक शंका राहिली आहे. मार्टिनीसाठी आणलेली व्हर्मूथची बाटली उघडून कपाटात ठेवली तर चालेल का?

मापकरी

नाही, ती उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवावी. व्हर्मूथ ही मुळात वाइन आहे, तिच्यात मद्यार्क जेमतेम १५ ते १८ टक्के असतो आणि हवा लागली की ती उतरू लागते. उत्तमातली उत्तम जिन घेऊन केलेली मार्टिनी मी अनेक ठिकाणी केवळ कपाटात महिनोन्महिने उघड्या राहिलेल्या व्हर्मूथमुळे बिघडलेली पाहिली आहे. शक्य झाल्यास लहान बाटल्या आणा आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवा.

उत्तररात्र

मी आज पहिली चाचणी केली. सहा वेळांपैकी चार वेळा वेगळी जिन बरोबर ओळखली. परंतु कोणती अधिक आवडली असे पत्नीने विचारले तेव्हा मी चारपैकी तीनदा स्वस्त जिनच्या पेल्याकडे बोट दाखवले होते. उद्या टॉनिक बदलून पुन्हा करणार आहे, निकाल इथेच नोंदवीन.